माणिकबागेतली खुर्ची
(सोसायटीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



कमिटीने मला घराच्या सजावटीवर बोला म्हटलं. पडद्याचा रंग मला विचारू नका, तो आमच्याकडे माझ्या हातात नाही. मी इंदूरच्या एका राजवाड्याबद्दल बोलतो.

होळकरांचे यशवंतराव महाराज (दुसरे) ऑक्सफर्डला शिकत असताना एकार्ट मुथेसियुस या जर्मन आर्किटेक्टशी त्यांची ओळख झाली. महाराजांचा जन्म १९०८चा, त्याचा १९०४चा. एवढ्या कोवळ्या वयाच्या पोराला महाराजांनी माणिकबाग राजवाड्याचं काम दिलं! १९३३ पर्यंत ते झालं. कमानी नाहीत, नक्षी नाही, सगळं सरळ रेषेत. पैसा रयतेचा होता, हेही म्हटलं पाहिजे.

पण मुथेसियुस भिंतींवर थांबला नाही. दिवे, खुर्च्या यांचीही डिझाइन्स त्याने केली. बरंचसं सामान जर्मनीत बनून जहाजाने आलं. वाचनासाठी त्याने केलेली खुर्ची बघा: लाल कृत्रिम कातडं आणि खुर्चीतच बसवलेले दिवे. चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या आपल्या मंडळींना तिच्यात परकं काही वाटणार नाही. इतरांच्या वस्तूही त्याने नेमक्या निवडल्या. आयलीन ग्रेची आरामखुर्ची, सोन्यो आणि आलिक्स यांचे धातू-काचेचे पलंग, दा सिल्वा ब्रुन्सचे गालिचे. प्रत्येक वस्तू त्या घरासाठी होती.

महाराज १९६१ मध्ये गेले. १९८० मध्ये मोनॅकोला लिलाव झाला आणि सामान जगभर पांगलं. किमती प्रचंड आल्या, पण खोल्या रिकाम्या झाल्या. आज तिथे केंद्राच्या करखात्याचं ऑफिस आहे. २०१९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यातल्या बऱ्याच वस्तू पुन्हा एकत्र मांडल्या गेल्या. कोणती वस्तू कुठे होती हे आज कळतं ते मुख्यतः मुथेसियुसने स्वतः काढलेल्या फोटोंवरून.

आमची पहिली कॉट भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पाइप वाकवून करून घेतली होती. मुलगी त्यावरच लहानाची मोठी झाली. गेल्या वर्षी भंगारात दिली. परवा मुलीने विचारलं, तिचा फोटो आहे का? नाही.

सध्या सोसायटीत चार फ्लॅटचं काम निघालंय. जुनं सामान खुशाल काढा. पण भिंत फोडण्याआधी खोलीचे दोन फोटो काढा, मागे फ्लॅट नंबर आणि तारीख लिहा आणि ऑफिसच्या कपाटात ठेवा. किल्ली सेक्रेटरींकडे आहे.