नवरदेवाची रंगभूषा



रायगड जिल्ह्यात लग्नसराई म्हणजे चैत्र-वैशाखाचा उकाडा. आणि रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातला किंवा पेणच्या खारेपाटातला नवरदेव मांडवात उभा राहतो तो बहुधा आदल्या रात्रीच्या हळदीने जागलेला, धवलारिणींच्या गाण्यांनी आणि वाजंत्र्यांनी डोळ्याला डोळा लागू न दिलेला, आणि कित्येकदा धाटावच्या कारखान्यातील पाळी नुकतीच आटोपून रजेवर आलेला असा असतो. अशा श्रांत मुखावर जाणत्याचा हात फिरवून घेण्यात पुरुषाने लाजावे असे मला काहीही दिसत नाही. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या रूपावरून जीव ओवाळून टाकला, त्याने तर हा संकोच मुळीच बाळगू नये.

मात्र ही रंगभूषा रंगभूमीची नव्हे, याचे भान सुटते. जर्मन गायकनट लुडविग लाइश्नर याने १८७३ साली स्निग्ध रंगकांड्या प्रचारात आणल्या, तेव्हा त्यांचा जाड थर सार्थच होता, कारण दिव्यांच्या झोतात नटाचे मुख शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे होते. नवरदेवाला त्याची आत्या हातभर अंतरावरून ओवाळीत असते. तरीही शिरस्ता असा पडला आहे, की रंग निवडायचा तो त्याच्या वर्णाहून दोन छटा उजळ. परिणामी गाल गोरे, कान सावळे, मान त्याहून सावळी, आणि छायाचित्रकाराचा दिवा पडताच साऱ्या चेहऱ्यावर राखट कळा. गोरेपणाचे नाव मिरवणाऱ्या एका सुप्रसिद्ध मलमाने २०२० साली तो शब्द आपल्या नावातून वगळला. आपल्या मांडवांनीही तो वगळावा, असे मी कळकळीने सांगतो. मुलाचा वर्ण ही त्याच्या घराण्याची मिरास आहे, आणि ऐन लग्नाच्या दिवशी ती पुसून टाकण्याची मुभा कोणालाही नसावी.

उत्तम कारागिरी कशी असते, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत अंगाचा रंग देणारे अनेक असतात, पण डोळ्यांची आखणी एखाद्याच सिद्धहस्त माणसाकडे असते, आणि मूर्तीत जीव येतो तो त्या अल्पशा रेषांनी. नवरदेवाच्या बाबतीतही काम थोडक्याच ठिकाणी असते. रंगाची परीक्षा मनगटावर न करता जबड्याच्या कडेला, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात करावी. जो लावल्यावर दिसेनासा होतो, तोच त्याचा रंग. डोळ्यांखालचे काळवंडलेपण पांढऱ्या लेपाने झाकू गेल्यास करडे दिसते; सावळ्या त्वचेवर आधी नारिंगी छटेचे बोट पुसटसे फिरवावे, मग त्वचेच्या रंगाचे. पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटी यांवर. बाकीची त्वचा जशी आहे तशी दिसू द्यावी.

हळदीची तजवीज निराळी. हळद क्षाराने तांबूस होते, कुंकू बनते ते याच गुणामुळे. म्हणून साबणाने खसखसून न धुता ती आधी खोबरेल तेलाने सोडवून टिपून काढावी, आणि मगच कोमट पाण्याने तोंड धुवावे. जो पिवळेपणा त्यानंतरही राहील, तो राहू द्यावा. तो लग्नाचाच रंग आहे. दाढी पहाटेच उरकावी, म्हणजे वस्तऱ्याची आग शमायला अवधी मिळतो. कोणतेही नवे द्रव्य लावायचे झाल्यास दोन दिवस आधी कानामागे लावून पाहावे.

नवरदेवाच्या रंगभूषेचे हे काम आता गावोगावच्या ब्यूटी पार्लर चालविणाऱ्या भगिनींकडे येत आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकार पुरुषच असावा आणि स्त्रीने केशरचनाच करावी, असा दंडक तेथील कारागिरांच्या संघटनेने दीर्घकाळ चालविला होता. रंगभूषाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये तो रद्द ठरविला. पुरुषाच्या मुखावर स्त्रीने रंग लावण्यात कोणाला वावगे वाटत असेल, तर त्याने हा निकाल ध्यानात घ्यावा.

एक खबरदारी राहिली. मुंडावळ्यांचे सर कानशिलांवर घासून तेथील रंग पुसतात आणि घामाने ओघळ उतरतात. तेव्हा कानशिलांवर लेप लावूच नये, आणि पाठीशी उभ्या असलेल्या करवलीजवळ एक स्वच्छ सुती रुमाल द्यावा. तिने घाम पुसू नये, टिपावा.