दीक्षान्त भाषण : सुट्टीतले पर्यावरण-शिक्षण आणि पदवीधराची सही

वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निकालामुळे पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा होण्याची वाट मोकळी झाली. सुट्टीत प्रत्यक्ष काम करून शिकण्याची सोय मात्र त्याआधीच होती. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर करावे लागते.

अशा शिबिरासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या विद्यार्थ्याला लांब जावे लागत नाही. सह्याद्रीतून उतरणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणच्या खाडीकडे जाते आणि वाटेतल्या शहरांची तहान भागवते. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, शके ९८२च्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरात शिरेपर्यंत कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात ओतलेल्या रासायनिक कचऱ्यातून विषारी वायू पसरला आणि काठावरच्या अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले.

शिबिरातला पहिला धडा मोजमापाचा असतो. आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू वापरतात तो प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत हवी. ही मागणी मोजताना नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. सात दिवसांच्या शिबिरात ते सहज बसते. नाल्याच्या वरचा आणि खालचा, असे दोन नमुने शेजारी ठेवले की नदी कुठे बिघडली ते आकडेच सांगतात.

दुसरा धडा कारणांचा. उल्हासच्या पात्रातली जलपर्णी विद्यार्थी उपसतात आणि ती पुन्हा वाढते, कारण सांडपाण्यातले नत्र व स्फुरद तिला खत पुरवत राहतात. म्हणून शिबिराच्या अहवालातले मनोगत ‘पर्यावरण वाचवा’ एवढ्यावर संपले, तर शिकणे अर्धेच राहते. आपल्या घरची मोरी कोणत्या नाल्याला मिळते आणि तो नाला प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचतो का, हे विद्यार्थ्याने त्यात लिहायला हवे. फाळणीनंतर निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात जीन्सच्या धंद्याचे सांडपाणी नदीत जात आले आहे, पण त्याच धंद्यावर हजारो घरे चालली आहेत. तेव्हा नदी वाचवण्याच्या उपायात त्या कामगारांच्या पोटाचाही विचार असलाच पाहिजे.

पदवीनंतर हे शिक्षण खरे कामाला येते. रसायनशास्त्राच्या पदवीधरापुढे सांडपाणी तपासणीची नोंदवही येईल, वाणिज्यच्या पदवीधरापुढे प्रक्रियेच्या खर्चाचा हिशेब येईल आणि कला शाखेच्या पदवीधरापुढे वर्ग, वार्तापत्र किंवा नगरपालिकेची सभा येईल. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने नद्यांचे रक्षण प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. हे कर्तव्य रोजच्या कामातच पाळायचे असते. न मोजलेला आकडा नोंदवहीत लिहू नये, वाचल्याशिवाय सही करू नये आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो दडपू नये. या तीन गोष्टी पाळणारा प्रत्येक पदवीधर उल्हास-वालधुनीच्या खोऱ्याला हवा आहे.