पाच नंबरचा चेंडू



"तुझ्या बास्केटबॉलबद्दल पाच मिनिटं बोल" असा हुकूम झाला आहे. वर्गात उत्तर द्यायला उठलो की ज्याचे पाय लटपटायचे, तोच मी. बाईंना आठवत असेल.

गेली बारा वर्षं शनिवार-रविवार सकाळी घराजवळच्या मैदानावर मी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवतो. सुरुवातीला, आपण जसे शिकलो तसंच शिकवलं. एक रांग, एक चेंडू, आणि चुकला की मैदानाला दोन फेऱ्या. एकदा घड्याळ लावून पाहिलं. तासाभरात एकेका मुलाच्या हातात चेंडू जेमतेम चार मिनिटं होता!

चौथीतली एक मुलगी होती. तिचा चेंडू रिंगपर्यंत पोहोचायचाच नाही. एक दिवस मी सगळ्यांदेखत म्हणालो, "अगं, घरी जेवतेस की नाही?" सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या शनिवारी ती आली नाही. आईला फोन केला, तर त्या म्हणाल्या, "सर, ती खेळायला नको म्हणत नाही. तुमच्याकडे नको म्हणते."

मग मी वाचायला बसलो. मोठ्यांची रिंग 3.05 मीटर उंच, पुरुषांचा चेंडू सात नंबरचा, सहाशे ग्रॅमच्या आसपास. लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा, पाचशे ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे मी त्या पोरीला बापाचे बूट घालून पळायला लावत होतो, आणि वर हसत होतो.

आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचा चेंडू असतो. आपलं विष-अमृत आठवतं ना? तेच खेळतो, फक्त ड्रिबल करत. 'विष' मिळालं की चेंडू डोक्यावर धरून, पाय फाकवून उभं राहायचं. मित्राने आपला चेंडू त्या पायांमधून सरकवला की सुटका. पोरं दहा मिनिटं मान वर करून ड्रिबल करतात, आणि आपण सराव करतोय हे त्यांच्या गावीही नसतं. दुसरा खेळ स्टॅच्यूचा. ड्रिबल चालू असताना मी बोटं वर करतो, किती ते ओरडून सांगायचं. चेंडूकडे बघत राहणाऱ्याला उत्तर येत नाही, मग तो आपोआप वर बघायला शिकतो. बाद करायचे खेळ मात्र मी बंद केले. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाहेर बसतो. आता बाद झालेला भिंतीवर दहा पास मारतो आणि परत आत येतो.

गोंगाट प्रचंड होतो. शेजारचे आजोबा दर रविवारी तक्रार करतात. ती रास्तच आहे.

1891 साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला, तो हिवाळ्यात कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी. पीच फळांच्या टोपल्या टांगून! आणि मी त्याच खेळाने पोरांना कंटाळा आणला होता.

ती मुलगी परत आली नाही. आता कॉलेजात असेल.

संमेलनाच्या निधीतून प्रवेशद्वाराशी नामफलक लावायचा, असं कालपासून ऐकतो आहे. सर, काल मी मैदान बघून आलो. रिंग तीच आहे, आपल्या वेळची, पूर्ण उंचीची, आणि तिच्याखाली चौथीची मुलं चेंडू फेकत होती. माझी सूचना एवढीच, की आधी 2.60 मीटरच्या दोन रिंगा आणि पाच नंबरचे वीस चेंडू घेऊ. उरले पैसे, तर फलक.