नामदार गोखल्यांचे दोन प्रवास



देशाचा पुढारी परदेशी निघाला की निरोपाला गर्दी होते, परतला की हारतुरे होतात, आणि मधल्या काळात त्याला कोणी मेजवानी दिली, कोणाशी त्याचे किती वेळ बोलणे झाले, याच्या बातम्या आपण चहाबरोबर चवीने वाचतो. आम्हीही वाचतो. पण आज आम्हांस बोलायचे आहे ते या थाटाविषयी नाही. असा माणूस जाताना बरोबर काय नेतो आणि येताना काय आणतो, एवढाच आमचा प्रश्न आहे. आमच्या समजुतीप्रमाणे तो घरच्यांचा शब्द घेऊन जातो आणि परक्यांचा शब्द घेऊन येतो. दोन्ही शब्द उसने असतात. आणि ते बुडाले तर ज्याने त्यांची ने-आण केली त्याच्याच दारात तगादा येतो.

यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत त्यांच्या शिष्याचेच उदाहरण घेणे आम्हांस उचित वाटते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १८९७ पासून १९१४ पर्यंत सात वेळा विलायतेस गेले. त्या काळी हिंदुस्थानचा ना कोठे राजदूत, ना वकिलात. परतंत्र देशाचा प्रतिनिधी म्हणजे ज्याच्या बोलण्यामागे सैन्य नाही, खजिना नाही, शिक्कामोर्तबाचा कागद नाही असा मनुष्य. १९०५, १९०६ आणि १९०८ च्या विलायतेच्या फेऱ्या, मोर्लेसाहेबांच्या भेटी आणि त्यांतून १९०९ साली निघालेल्या सुधारणा, हे सारे शाळेच्या पुस्तकांत आहे; त्यात आज शिरत नाही. आम्ही दोनच प्रवास घेणार आहोत. एकात नेलेला शब्द बुडाला, दुसऱ्यात आणलेला.

पहिला प्रवास १८९७ चा. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी वेल्बी कमिशन नेमले होते, त्यापुढे साक्ष देण्यासाठी फर्ग्युसन कॉलेजातील हा तिशीचा प्राध्यापक दिनशा वाच्छांबरोबर निघाला. वाटेत कॅले येथे छातीला जबर दुखापत झाली. ती त्यांनी सोसली आणि एप्रिलमध्ये कमिशनपुढे अशी साक्ष दिली की जाणत्या इंग्रजांनीही ती वाखाणली. येथेच बोटीत बसून परत आले असते तर आम्हांस हे व्याख्यान द्यावे लागले नसते.

पण इकडे पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. फेब्रुवारीत रँडसाहेब प्लेगचे अधिकारी म्हणून आले आणि मार्चपासून गोरे सोल्जर पेठांतून घरे तपासू लागले. माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात बुटांनिशी शिरणारी ती पथके, रस्त्यावर फेकलेले सामान, माणसांची उघड्यावर होणारी तपासणी यांच्या आठवणी पुण्यातील जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पुण्याच्या मित्रांनी गोखल्यांना पत्रांवर पत्रे पाठविली. त्यांत एक भयंकर मजकूर होता: सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला. गोखल्यांनी पत्र लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवला. पार्लमेंटातील काही सभासदांना त्यांनी हकिगत सांगितली, ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राला मुलाखत दिली, आणि आरोप जगजाहीर झाला.

वेळ किती वाईट साधली पाहा. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. विलायतेतील लोकमत खवळलेले. अशा वेळी जुलैच्या आरंभी ही मुलाखत आली. पार्लमेंटात प्रश्न निघाला, मुंबई सरकारने चौकशीचा देखावा करून आरोप साफ नाकारला, आणि आता पुरावा देण्याची पाळी गोखल्यांची आली. त्यांनी पुण्याकडे पाहिले. पुणे गप्प होते.

हे गप्प बसणे समजण्यासारखे आहे, असे आम्ही आधीच सांगून टाकतो. नातूबंधूंना सरकारने विनाचौकशी अटकेत टाकले होते. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना मुंबईत पकडले. ज्या घरातील स्त्रीवर असा प्रसंग ओढवला असेल त्या घराने पोलीस कचेरीत उभे राहून त्याची जाहीर वाच्यता करावी, ही अपेक्षाही त्या काळी क्रूरच होती. हे सारे खरे. तरीही आम्हा पुणेकरांचा एक जुना गुण येथे दिसतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही: पत्र लिहिण्यास आम्ही तत्पर असतो, पत्राखाली सही करताना मात्र आमची शाई वाळते.

जुलैच्या अखेरीस गोखल्यांची बोट मुंबईस लागली. बोटीवरच पोलीस अधिकारी त्यांना भेटले. पत्रे कोणी लिहिली हे सांगितले असते तर स्वतःवरचे संकट दुसऱ्याच्या गळ्यात टाकता आले असते. नावे त्यांनी सांगितली नाहीत. मग त्यांनी मुंबईचे गव्हर्नर, प्लेग कमिटीचे सभासद आणि ते सोल्जर यांची बिनशर्त माफी वर्तमानपत्रांतून मागितली.

या माफीवर पुण्यात जे काहूर उठले ते विचारू नका. टिळक तुरुंगात आणि गोखले माफी मागतात, ही तुलना ज्याच्या त्याच्या तोंडी झाली. वर्षअखेर अमरावतीस काँग्रेस भरली, तेथेही त्यांच्यावरची नाराजी लपून राहिली नाही. आमचे मत विचाराल तर, माफी फार व्यापक होती. सिद्ध न झालेला आरोप मागे घेणे हे सभ्य गृहस्थाचे कर्तव्यच. पण घरे उद्ध्वस्त करणाऱ्या पथकांना सरसकट निर्दोष ठरविण्याची गरज नव्हती. मात्र त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: ज्यांची नावे पोटात ठेवून त्यांनी ही नामुष्की पत्करली, ते पुण्यातच राहत होते ना? त्यांपैकी कितीजण त्या दिवसांत गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले?

आता पंधरा वर्षे ओलांडून १९१२ च्या ऑक्टोबरात या. आता गोखले हे वरिष्ठ कायदेमंडळातील मान्यवर सभासद आहेत. नाताळ प्रांतात हिंदी मजूर करारबंदीने पाठविणे थांबवावे असा ठराव त्यांनी १९१० साली मांडला आणि १९११ च्या जुलैपासून ती भरती बंदही झाली. पण जे तेथे होते त्यांचे काय? कराराची मुदत संपल्यावर जो मजूर परत जाणार नाही, पुन्हा करारातही बांधून घेणार नाही, त्याला माणशी वर्षाला तीन पौंड कर होता. सोळा वर्षांवरील पुरुष आणि तेरा वर्षांवरील मुलगी यांना तो लागू. नवरा, बायको, वयात आलेला एक मुलगा आणि एक मुलगी असे घर धरा. बारा पौंड झाले. घरधन्याची कमाई महिना चौदा शिलिंगांच्या वर जात नसे, असे गांधीजींनी लिहिले आहे. म्हणजे वर्षाचे साडेआठ पौंडही नाहीत. कर कमाईहून मोठा! याचा हेतू तिजोरी भरण्याचा नव्हता, माणसाला पुन्हा गुलामीत लोटण्याचा होता.

२२ ऑक्टोबरला गोखले केपटाउनला उतरले. युनियन सरकारने त्यांना पाहुणा मानले, आगगाडीचा खास डबा दिला. ज्या देशात हिंदी माणसाला पदपथावरून ढकलून देत, तेथे एका हिंदी माणसाचे हे स्वागत! गांधीजी त्यांचे चिटणीस, दुभाषे आणि सेवक असे सर्वच झाले. जोहान्सबर्गच्या मेजवानीला जाताना गोखल्यांच्या उपरण्याला इस्त्री हवी होती. ते उपरणे रानड्यांनी दिलेले. गांधीजी म्हणाले, मी करतो. गोखल्यांना या बॅरिस्टराच्या वकिलीवर भरवसा होता, परीटकामावर मुळीच नव्हता. अखेर इस्त्री झाली आणि चांगली झाली. कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय मंडळींपुढे इंग्रजी नको, मराठीत बोला, असा गांधीजींनी आग्रह धरला आणि त्या मराठीचे हिंदुस्थानी भाषांतर स्वतः केले. गांधीजींच्या मराठीची गोखल्यांनी थट्टा केली. पण भाषांतर जमल्याचेही कबूल केले. टॉल्स्टॉय फार्मवर जाताना स्टेशनापासून दीड मैल चालावे लागले, वर पाऊस. मधुमेहाने पोखरलेला हा माणूस गारठला, तरी खाट नको म्हणून जमिनीवर निजला.

नाताळ प्रांतात त्यांनी मजुरांच्या कैफियती ऐकल्या आणि १४ नोव्हेंबरला प्रिटोरियात जनरल बोथा, स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांशी सुमारे दोन तास बोलणे केले. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून प्रत्येक कायद्याचा तपशील त्यांनी गांधीजींकडून घोटून घेतला होता. बाहेर आले ते प्रसन्न मुद्रेने: काळा कायदा रद्द होईल, वर्णभेदाचे कलम जाईल, तीन पौंडांचा कर उठेल, गांधी, तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात या. गांधीजींनी नम्रपणे शंका काढली. त्या मंत्र्यांना ते अधिक ओळखत होते.

त्या भेटीचा उभय पक्षांनी सही केलेला कागद नव्हता. हल्ली दोन देशांचे पुढारी भेटले की संयुक्त निवेदनातील एकेका शब्दावर अधिकारी रात्र घालवितात. त्या घासाघिशीला आपण हसतो, पण तिची किंमत प्रिटोरियाने शिकविली आहे. दुसरेही एक कारण आम्हांस दिसते. ज्याच्या डब्यातून प्रवास केला, ज्याचे पान वाढलेले खाल्ले, त्याला “हे लिहून द्या” म्हणणे पाहुण्याच्या जिभेवर येत नाही. सन्मान हाही एक प्रकारचा लगाम असतो. लोकमान्य १९१८ साली विलायतेस गेले तेव्हा त्यांच्यावर राजकीय भाषणबंदी होती, पुढे पॅरिसच्या शांतता परिषदेस जाण्याची परवानगीही मिळाली नाही. त्यांना निदान सरकारच्या पाहुणचाराची भीड तरी पडली नाही.

गोखले डिसेंबरात मुंबईस परतले. तत्त्वाचे हक्क सोडून तडजोड केली म्हणून फिरोजशहा मेहतांसारखे जुने सहकारीही नाराज झाले. आणि १९१३ साली स्मट्ससाहेबांनी पार्लमेंटात सांगितले की नाताळच्या गोऱ्यांचा विरोध असल्यामुळे कर उठविता येत नाही. गोखल्यांना दिलेले वचन गेले वाऱ्यावर.

येथे या दोन प्रवासांतला फरक पाहा. १८९७ मध्ये शब्द बुडाला तेव्हा मागे कोणी उभे राहिले नाही. १९१३ मध्ये मागे उभे राहिले ते मजूर. कराचा प्रश्न तोवर सत्याग्रहाच्या मागण्यांत नव्हता. गोखल्यांना दिलेला शब्द मोडणे हा साऱ्या हिंदुस्थानचा अपमान मानून गांधीजींनी तो घेतला, आणि त्याबरोबर करारबंद मजूर लढ्यात आले. न्यूकॅसलच्या खाणींत संप झाला. ६ नोव्हेंबरला सरहद्द ओलांडण्यास निघालेल्या तांड्यात २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. त्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते, प्रिटोरियातील दिवाणखान्यात काय ठरले ते वाचता येत नव्हते. इकडे आजारी गोखले निधीसाठी वणवण करीत होते, अँड्र्यूज आणि पियर्सन यांना तिकडे रवाना करीत होते. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर उठला.

गांधीजी हिंदुस्थानात आले आणि १९१५ च्या फेब्रुवारीत पुण्यास आले. भारत सेवक समाजाच्या आवारात, गोखल्यांच्या खोलीपासून चार पावलांवर, त्यांच्यासाठी छोटासा उपाहार ठेवला होता. फळे, भुईमूग, खजूर. दुखणे असताही गोखले उठून आले आणि तेथेच त्यांना घेरी आली. उचलून खोलीत नेले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठविला की कार्यक्रम चालू ठेवा. १९ फेब्रुवारीला ते गेले.