दुकान खाली, बिऱ्हाड वर

आज वास्तुरचनेची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

दीक्षान्त समारंभात पाहुण्यानं देशाच्या भवितव्यावर बोलायचं असतं. मी एका गावाच्या बाजारपेठेवर बोलणार आहे. गाव सावंतवाडी.

तिथली चितार आळी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. लाकडी खेळणी, रंगवलेली फळं, पाट. याच गावात गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पत्ते. दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराच्या हातात ती तगून होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोंसले यांनी ती त्यांच्याकडून समजून घेतली आणि राजवाड्याच्या दरबारातच कारागिरांना कामाला बसवलं. जुने संच काचेच्या कपाटात ठेवून वर पाटी लावता आली असती. त्यांनी कारागिराला काम दिलं आणि त्या कामाला गिऱ्हाईक शोधलं. कला टिकली ती त्यामुळे, असं माझं मत आहे. पेठेचंही तसंच आहे.

आज झाराप–पत्रादेवी रस्त्यानं गोव्याला निघालेली गाडी सावंतवाडीत शिरतच नाही. महामार्ग बाहेरून गेलेल्या प्रत्येक गावाची ही तक्रार असते. मग पेठेचं ‘सुशोभीकरण’ निघतं: पेव्हर ब्लॉक, कमान, जुन्या वळणाचे दिवे आणि हल्ली सेल्फी पॉइंट. मला या यादीचा कंटाळा आला आहे, कारण कौलं कुणी शाकारायची हा प्रश्न तिच्यात कधीच नसतो.

जरा हिशेब करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळते. जुन्या भाडेकरूचं भाडं दीडशे रुपये असेल, तर वाढ सहा रुपये. दुरुस्तीच्या खर्चापोटी वेगळी वाढ मागता येते. पण आधी पदरचे पैसे घालणार कोण? उताऱ्यावर मुंबई-पुण्यातल्या चुलतभावांची नावं, त्यांच्या सह्या मिळता मिळत नाहीत. वाशाला वाळवी लागते, वरचं बिऱ्हाड फ्लॅटमध्ये जातं आणि माळ्यावर गोदाम होतं. संध्याकाळी शटर पडलं की आळीत माणूस नाही. भिंती अजून उभ्या असतात, म्हणून वारसा ‘सुरक्षित’ अशी नोंद होते.

तेव्हा अशा पेठेचं काम हाती आलं, तर दर्शनी भागाचं रेखाटन थोडं लांबवा. आधी पन्हळ कुठे गळते ते बघा. दुकानातून न जाता वर चढता येईल असा जिना बसतो का, ते बघा. त्या जिन्यावर वरचं बिऱ्हाड राहणार की जाणार हे ठरतं. भाजीची पाटी घेऊन सकाळपासून बसलेल्या बाईला लघवीला जायला जागा आहे का, हेही नकाशात दाखवा. मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत ती नव्हती. कारंजं मात्र होतं.

या कामात फी कमी आणि बैठका फार. नगरपरिषदेत फाइल महिनोन्‌महिने पडून राहील. तरी तुमच्यातल्या चार-दोघांनी हे काम घ्यावं. पहिल्या दिवशी टेप काढू नका, दुकानदाराशेजारी बसा. चहा तो मागवेलच. मग भाड्याची पावती दाखवायला सांगा. तो आढेवेढे घेईल, तरी मागा. तुमचा आराखडा त्या पावतीपासून सुरू होतो.