अपुरी राहिलेली वाट

प्रवासवर्णन लिहिणारे दोन प्रकारचे असतात. एकाच्या वाटेत संकट येते आणि तो त्यावर मात करतो. दुसऱ्याच्या वाटेत संकट येते आणि त्याची गाळण उडते. पहिल्याविषयी वाचकाला आदर वाटतो, दुसरा मात्र त्याला आपल्यातलाच वाटतो. अमेरिकन लेखक बिल ब्रायसन हे या दुसऱ्या वर्गातले. त्यांचे ‘अ वॉक इन द वुड्स’ हे पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले.

ॲपलाचियन पर्वतराजीतून जाणारी एक पायवाट जॉर्जिया राज्यात सुरू होते आणि चौदा राज्ये ओलांडून मेन राज्यातील कटाडिन पर्वतावर संपते. तिची लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. तिची निगा आजही मुख्यतः स्वयंसेवकच राखतात.

अनेक वर्षे इंग्लंडात काढून ब्रायसन मायदेशी परतले, तेव्हा ही वाट आपल्या नव्या गावातूनच जाते, असे त्यांना कळले. चाळिशी उलटलेल्या या गृहस्थांनी ती चालण्याचा संकल्प सोडला आणि लगेच अस्वलांच्या हल्ल्यांवरचा एक ग्रंथ वाचून स्वतःची झोप उडवून घेतली! सोबतीसाठी मित्रांना विचारले, तर तयार झाला तो एक जुना सवंगडी. पुस्तकात त्याचे नाव बदलून ‘कॅट्झ’ ठेवले आहे. देह स्थूल, चालण्याची सवय नाही आणि मद्याच्या व्यसनातून नुकताच सावरू पाहणारा. पहिल्याच दिवशी ओझे असह्य होऊन त्याने पाठपिशवीतील शिधा रानात भिरकावून दिला.

१९९६ साली निघालेले हे वीर काही आठवडे चालले. मग एका गावात संपूर्ण वाटेचा नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. आपली सारी पायपीट त्यावर जेमतेम दोन बोटे भरते, हे पाहून त्यांनी मोटारीने बराच पल्ला गाळला! पुढे एके रात्री तंबूबाहेर दोन डोळे चकाकले, तेव्हा ब्रायसन यांच्यापाशी शस्त्र होते नखे कापण्याचे.

या हास्याला कारुण्याचीही किनार आहे. १९०४ साली न्यूयॉर्क शहरात आढळलेल्या एका बुरशीने अर्ध्या शतकाच्या आत अमेरिकन चेस्टनटचे कोट्यवधी वृक्ष संपवले. त्या उजाड झालेल्या वनवैभवाविषयी लिहिताना विनोदी लेखकाचा स्वर गंभीर होतो.

मेनच्या अरण्यात वाट अधिकच बिकट झाली. कॅट्झ पुन्हा पिऊ लागल्याचे उघड झाले आणि मित्रांत वाद झाला. दुसऱ्या दिवशी कॅट्झ चुकला. रात्र सरली तरी त्याचा पत्ता नव्हता. अखेर तो सापडला, तेव्हा कटाडिन पर्वताचे महत्त्व उरले नव्हते. दोघेही घरी परतले. ब्रायसन यांच्या हिशेबाने त्यांची चाल सुमारे १,४०० किलोमीटर भरली. म्हणजे निम्मीही वाट नाही.

संपूर्ण वाट एका दमात चालण्यास निघालेल्या चौघांपैकी साधारण एकच जण शेवट गाठतो. उरलेल्या तिघांची कथा सहसा कोणी सांगत नाही. ब्रायसन यांनी ती सांगितली, आणि अपुरेपण लपवले नाही. शिखर हुकले तरी हरवलेला मित्र सापडला, ही प्राप्ती काय थोडी?