खोकला नसलेल्या बाईने एक्स-रे कशाला काढायचा?

(प्रभाग संघाच्या सर्वसाधारण सभेत एका आशाताईंनी केलेलं भाषण. त्या स्वतः बचत गटाच्या सदस्य आहेत.)



मला वेळ थोडा दिलाय, तोही जेवणाच्या आधी. म्हणून लगेच मुद्द्यावर येते.

मागच्या थंडीत आमच्या गावात टीबी तपासणीची गाडी आली होती. माझ्या यादीत 52 बायकांची नावं होती. दुपारपर्यंत 11 आल्या. मी घरोघर फिरले, तर सगळीकडे उत्तर एकच, "मला कुठं खोकला आहे?" एक मावशी म्हणाल्या, "धडधाकट माणसाला कशाला रांगेत उभं करतेस गं?"

मावशींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्हीच वर्षानुवर्षं तसं सांगत आलो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं, असं काही असेल तर थुंकी तपासा. ते आजही खरं आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. 2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर टीबीची पाहणी केली. त्यात टीबी सापडलेल्या दर 100 माणसांमागे साधारण 43 जण केवळ एक्स-रे काढला म्हणून सापडले. नुसती लक्षणं विचारून थांबले असते, तर ती माणसं सुटली असती.

टीबीचा जंतू घाई करत नाही. तो फुफ्फुसात महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. तोवर बाई खुरपायला जाते, भाकऱ्या थापते, थकवा आला तर म्हणते उन्हानं झालं असेल. खोकला नसला तरी जंतू श्वासावाटे, बोलण्यावाटे बाहेर पडू शकतात. आणि आपण बैठक कुठे घेतो? थंडीत दार-खिडकी लावून, एका खोलीत बारा-पंधरा जणी.

त्या 11 जणींत आमच्या गटाच्या खजिनदार होत्या. त्यांना विचारून सांगतेय. त्या आल्या त्या माझं तोंड बंद करायला. ना खोकला, ना ताप. एक्स-रेत डाग दिसला, थुंकी तपासली आणि टीबी निघाला. मला वाटलं, विचारतील मी बरी होईन ना? पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "गटाला कळलं तर माझ्याकडची पेटी काढून घेतील का?" दुसरा, "लेकीचं जमायचंय, तिचं कसं?" मी तो दिवस विसरत नाही.

आता तपासणी कशी असते ते सांगते, कारण निम्मी भीती तिथेच आहे. आपण धान्य आधी चाळतो, मग ताटात घेऊन निवडतो. चाळणीत वर राहिलेलं सगळंच खडे नसतात. एक्स-रे ही चाळणी. डाग दिसला म्हणजे टीबी झाला असं नाही. जुन्या आजाराचा व्रणसुद्धा दिसतो. खरी निवड थुंकीच्या तपासणीत होते. त्यासाठीचं ट्रूनॅट यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातली कंपनी बनवते. डबीत लाळ देऊ नका, सकाळी खोल खोकून छातीतला बेडका द्या. आणि एकदा एक्स-रे चांगला आला म्हणजे जन्माची सुटका, असंही नाही. पुढे त्रास झाला तर पुन्हा या.

एक्स-रेचं यंत्र आता कॅमेऱ्याएवढं असतं, गावातच फोटो निघतो. मात्र गरोदर असाल, किंवा पाळी चुकली असेल, तर आधी सांगा. ब्लाउजच्या पिना काढा, त्या फोटोत पांढऱ्या दिसतात. मंगळसूत्रही बाजूला करावं लागतं. गेल्या वेळी दोघी तेवढ्यासाठी परत गेल्या! दोन मिनिटांचं काम, बायांनो.

आधी कोणी यायचं? घरात टीबीचा रुग्ण आहे किंवा होता, स्वतःला पूर्वी होऊन गेलाय, साखर आहे, वय साठीच्या पुढे आहे, अंगावर मांसच नाही, तंबाखू-विडी ओढणारे, दारू पिणारे. म्हणजे नवऱ्यांनाही आणायचं आहे.

टीबी निघालाच तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट. साधा टीबी असेल तर 6 महिने, मध्ये सोडायचं नाही. लघवी नारिंगी-लाल होते, घाबरू नका, तो गोळीचा रंग आहे. एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. पाळणा लांबवायला माला-एन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. टीबीच्या औषधाने त्या गोळीचा जोर कमी होतो, दुसरं साधन लागतं. आहारासाठी महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ते स्वतःच्या खात्यात घ्या.

भांडी वेगळी करायची गरज नाही. टीबी ताटा-तांब्यातून नाही, हवेतून पसरतो. मद्रासला रुग्णांना घरीच ठेवून औषध दिलं, त्याचा अभ्यास 1959 मध्ये छापून आला. सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्यांइतकेच ते बरे झाले, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागणही झाली नाही. साठ वर्षं उलटून गेली, आपण अजून ताटच वेगळं करतोय.

खजिनदारांच्या नातवाची तपासणी झाली. त्याला टीबी नव्हता, पण पुढे होऊ नये म्हणून त्याला प्रतिबंधक औषध दिलं. ते पोर उशिरा सापडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही.

तिसऱ्या महिन्यात खजिनदारांनी स्वतःहून बैठकीत सांगितलं. एकीने चटई बदलली. खोटं कशाला बोलू? पण पेटी त्यांच्याकडेच राहिली. त्याच दिवशी आम्ही ठराव केला. तपासणीला सगळ्या जणी एकत्र जायचं, म्हणजे कोण कशासाठी गेली ही कुजबुज नको. कोणाचा निकाल काय, हे बैठकीत विचारायचं नाही, वहीत लिहायचं नाही. ज्या गटांना पटेल त्यांनी हा ठराव घ्यावा.

पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा येणार आहे, तारीख ग्रामसंघाकडून कळेल. आधारकार्ड आणि मोबाईल नंबर आणा. मंगळसूत्रं सांभाळायला आमच्या खजिनदार पेटी घेऊन दाराशी बसणार आहेत.